लेणे, बोगदा की खदान? डोंगरातली काळी दारे ओळखताना



विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणारी आपली माणसे रोज लोकलने मुंबईकडे तोंड करून प्रवास करतात. पोट तिकडे आहे, म्हणून नजरही तिकडेच. पण हीच लोकल उलट दिशेने कर्जतकडे निघाली की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड अशी स्टेशने मागे पडतात आणि खिडकीत डोंगर येऊन उभे राहतात. मलंगगड, चंदेरीचा सुळका, माथेरानची लांबलचक भिंत आणि पुढे राजमाचीचा पहाड. उन्हाळ्यात गवत वाळले की या डोंगरांच्या अंगावर कुठे कुठे काळे ठिपके दिसतात. जवळ जावे तर तो ठिपका म्हणजे खडकात कोरलेले किंवा फोडलेले एक तोंड असते.

हे तोंड कोणी पाडले? कशासाठी? गावकरी म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत खोदले. आपले तरुण म्हणतात, नक्की आपले बुद्ध लेणे असणार. ठेकेदार म्हणतो, छे हो, जुनी खदान आहे ती. तिघेही ठामपणे सांगतात आणि तिघांपैकी एकानेही आत बॅटरी मारून भिंत पाहिलेली नसते.

हा प्रश्न फावल्या वेळेतल्या गप्पांचा आहे असे कोणी समजू नये. खऱ्या लेण्याला खदान म्हटले, की उद्या तेथे सुरुंग लागतो आणि दोन हजार वर्षांचा पुरावा खडी होऊन रस्त्यावर पसरतो. उलट खदानीला लेणे म्हटले, की आपण हसे करून घेतो आणि पुढच्या वेळी खरे लेणे दाखवले तरी अधिकारी ऐकून घेत नाहीत. शिवाय सोडून दिलेल्या खदानीत पोरांना दर्शनाला नेणे हा जिवाशी खेळ आहे. म्हणून दगड वाचायला शिकले पाहिजे. त्याला पदवी लागत नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेचा, दिवसभर कचेरीत खतावण्या तपासणारा माणूस. पण हिशेब तपासताना जी सवय लागते, आधी पावती पाहा आणि मग बोला, तीच येथे उपयोगी पडते.

विलायतेत डोंगराखालच्या खाणी

आधी थोडे लांबचे सांगतो, कारण त्याने आपले घर नीट समजते. इंग्लंडमध्ये बाथ नावाचे शहर आहे. ते मधाच्या रंगाच्या, चुनखडीच्या दगडाने बांधलेले आहे. हा दगड जवळच्या बॉक्स, कोर्शम, कूम डाउन या गावांच्या खालून काढला गेला. तिकडे चांगला दगड जमिनीखाली थरात असतो आणि वर निरुपयोगी थर व शेते असतात. वरचे सगळे उकरून काढणे परवडत नाही. म्हणून कामगार बाजूने आत शिरत, दगडाच्या मोठ्या लाद्या कापून काढत आणि छत पडू नये म्हणून मध्ये मध्ये दगडाचेच खांब सोडून देत. १८४१ साली बॉक्स गावाच्या डोंगरातून रेल्वेचा जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा झाला. त्या खोदाईत दगडाचे चांगले थर सापडले आणि मग तेथे खाणींचे जाळेच पसरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कोर्शम भागातल्या अशा खाणींत दारूगोळा साठवला होता.

आता त्या खाणी बहुतेक ओस आहेत. झाडीत तोंडे लपली आहेत, आत वटवाघळे राहतात. तिकडचे हौशी लोक जुने नकाशे घेऊन हिंडतात आणि हे भोक खाणीचे, हे रेल्वेचे, हे लष्कराचे अशी ओळख पटवतात. ओळख कशावरून पटते? भिंतीवरच्या टिकावाच्या खुणांवरून, गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांवरून, दगड उचलणाऱ्या यारीच्या खोबणींवरून. आणि एक फार मोलाची गोष्ट, भिंतीवर कामगारांनी लिहून ठेवलेली नावे आणि दगडांचे हिशेब! कूम डाउन गावात तर घरांखालच्या पोकळ्या इतक्या धोक्याच्या झाल्या होत्या, की या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी खर्चाने त्या हलक्या काँक्रीटने भरून घ्याव्या लागल्या.

आपला दगड वेगळा

आता आपल्याकडे या. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला, असे थरावर थर बसून हा पहाड झाला. डोंगराच्या उभ्या कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, भुसभुशीत मातीचा पट्टा असतो.

याचा अर्थ काय? आपल्याकडे दगड शोधायला जमिनीत शिरावे लागत नाही. डोंगर म्हणजेच दगड! पाहिजे तेवढा उतारावरून फोडून घ्या. त्यामुळे आपल्या खदानी उघड्या असतात, वरून आकाश दिसते. डोंगराला चावा घेतल्यासारखा अर्धगोल कापलेला असतो आणि खाली खड्डा असतो. विलायतेसारखी आत शिरलेली, छताखालची दगडखाण आपल्या भागात जवळजवळ नसतेच. अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले. एवढे कोरीव मंदिर उभे राहिले ते याच भागातल्या काळ्या दगडातून. त्यासाठी कोणाला बोगदे खणावे लागले नाहीत.

तेव्हा पहिला नियम सोपा झाला. आपल्या डोंगरात छत असलेले, माणसाच्या हाताने आत खोदलेले तोंड दिसले, तर ते बहुधा तीनपैकी एक असते: लेणे, पाण्याचे टाके किंवा रेल्वेचा वा रस्त्याचा बोगदा. उघडा खड्डा असेल तर खदान. पण बहुधा या शब्दावर थांबून चालत नाही. कधी खदान खणता खणता वरचा थर पुढे आलेला राहतो आणि खाली गुहेसारखी पोकळी होते. कधी लाल मातीचा पट्टा पावसाने झिजून नैसर्गिक कपार तयार होते. म्हणून पुढच्या खुणा पाहाव्या लागतात.

भिंत काय सांगते

पहिली खूण हत्याराची. लेणे कोरणाऱ्याचे हत्यार म्हणजे छिन्नी आणि हातोडा. त्याच्या भिंतीवर बोटभर रुंदीच्या, जवळजवळ, एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. जेथे घोटाई झाली तेथे भिंत सपाट असते. खदानीच्या भिंतीवर मात्र उभ्या, अर्ध्या नळीसारख्या खोबणी दिसतात. खडकात भोक पाडून दारू ठासली, बत्ती दिली, अर्धा दगड उडाला आणि भोकाचा अर्धा भाग मागच्या भिंतीत राहिला, तीच ही नळी. दोन हजार वर्षांपूर्वी सुरुंग नव्हता. ज्या भिंतीवर फक्त अशाच नळ्या आहेत, ती भिंत प्राचीन नव्हे. मात्र छिन्नीची जुनी रेघ आणि सुरुंगाची नळी शेजारी शेजारी दिसली, तर सावध व्हा. तेथे जुने काम नंतर कोणी फोडले असण्याची शक्यता आहे.

दुसरी खूण मांडणीची. लेणे हे राहण्याचे किंवा वंदनेचे ठिकाण. त्यात चौकोनी खोल्या, त्यांत झोपण्यासाठी दगडी ओटे, दाराच्या चौकटीत लाकडी दार बसवायच्या खाचा, दिव्यासाठी कोनाडा असतो. चैत्य असेल तर मागचा भाग अर्धगोल, मध्ये स्तूप आणि दर्शनी बाजूस पिंपळपानासारखी कमान. रेल्वेचा बोगदा दोन्ही बाजूंनी मोकळा, वर कमानीसारखा आणि तोंडाशी घडीव दगडांचे बांधकाम केलेला. खदानीला मांडणीच नसते. जिकडे दगड चांगला, तिकडे ती सरकते.

तिसरी खूण पाण्याची. लेण्याशेजारी टाके असायचेच. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे. तोंड चौकोनी, काठ घडवलेला आणि कड्यावरचे पाणी त्यात वळवायला कोरलेली बारीक पन्हळ. खदानीतले पाणी मात्र साचलेले असते. त्याला काठ नसतो आणि तळही कळत नाही.

चौथी खूण बाहेरची. खदानीपुढे खडीचा, कपच्यांचा ढीग, गाडीचा रस्ता, क्रशरचा सिमेंटचा चौथरा असतो. लेण्यातून निघालेला दगड उतारावरून ढकलून दिलेला असे. त्यावर शेकडो वर्षांची माती आणि झाडे चढलेली असतात.

पाचवी खूण अपुऱ्या कामाची, आणि ती मला फार आवडते. लेणे वरून खाली कोरत. आधी छताची रेषा धरून आत अरुंद गल्ल्या पाडायच्या, मग मधल्या भिंती फोडायच्या, मग पायऱ्या पायऱ्यांनी जमिनीपर्यंत उतरायचे. त्यामुळे मचाणाची गरज कमी. अजिंठ्यातल्या अपुऱ्या लेण्यांत हे काम अर्ध्यावर थांबलेले दिसते. वर छत सपाट, खाली दगडाचे पट्टे तसेच राहिलेले. नवखा माणूस म्हणेल, ही तर खदान! पण वरचे छत बघणारा फसणार नाही.

कोंडाणे: नाव कोरलेला कारागीर

या खुणा पुस्तकात वाचण्यापेक्षा एक रविवार काढून कोंडाण्याला जावे. कर्जत स्टेशनवरून कोंदिवडे गावापर्यंत रिक्षा मिळते. पुढे झाडीतून चढणीची पायवाट आहे. ज्या उल्हास नदीच्या नावाने आपल्या शहराला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, ती नदी याच खोऱ्यातून खाली येते. निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागी वसवलेल्या आपल्या कॅम्पांचे पाणी आणि कोंडाण्याच्या भिक्खूंचे पाणी एकाच डोंगराचे आहे.

कोंडाण्याचा चैत्य इसवी सनापूर्वीचा, महाराष्ट्रातल्या अगदी आरंभीच्या चैत्यांपैकी एक. पावसाळ्यात त्याच्या कपाळावरून धबधबा पडतो. पाण्याने खांब झिजले, कित्येक पडले. तरी कमान पाहा, लाकडी बांधकामाची नक्कल दगडात कशी उतरवली आहे! शेजारच्या विहारात खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे आहेत. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. तिचा अर्थ, कान्हाचा शिष्य बालक याने केले.

येथे थांबून विचार करा. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाव नाही. काम करणाऱ्याचे नाव आहे आणि त्याला शिकवणाऱ्याचे नाव आहे.

हे एकट्या कोंडाण्याचे नव्हे. घाट चढून कार्ल्याला जा. तेथे वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा सुतार सामी याने दार केल्याचे लिहिले आहे. कान्हेरीला जा. तेथे आपल्या कल्याणचे लोक भेटतात. कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिली, कल्याणच्या लोहाराने वाट करून दिली. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. म्हणजे ही लेणी कोणा एकाच्या तिजोरीतून झालेली नाहीत. हाताने काम करणाऱ्यांचा पैसा आणि घाम त्यांत आहे.

आणि पोढीचा विषय निघाला म्हणून आठवण देतो. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी टाक्याच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले म्हणून जमावाने त्यांना घेरले, अद्वातद्वा बोलले आणि पुढे किल्ल्यात पाण्याला शिवू नये म्हणून शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. कल्याणच्या सोनाराची पोढी पाहताना ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

भोरघाट: नाव नसलेले हात

कर्जतहून पुणे गाडी जो घाट चढते, तो भोरघाट. १८५६ साली काम सुरू झाले, १८६३ साली घाटातून गाडी गेली. सुमारे १८३१ फुटांची चढण, पंधरा मैलांहून थोडे अधिक अंतर आणि पंचवीस बोगदे. डायनामाइटचा शोध लागला १८६७ साली, म्हणजे हे सगळे बोगदे साध्या दारूने आणि हाताने फोडले. कड्यावरून दोराने माणसे खाली सोडत आणि ती लोंबकळत पहारीने भोके पाडत. १८६१ च्या आरंभी या घाटात एका वेळी सुमारे बेचाळीस हजार मजूर होते. पटकीच्या साथींनी, अपघातांनी, तापाने हजारो मेले. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या पैशांवरून दंगल उसळली, चौकशी बसली आणि त्या ठेकेदाराने काम सोडले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवून घेतला.

फेविएल, ट्रेडवेल, मुख्य इंजिनिअर बर्कली, ही नावे इतिहासात आहेत. बेचाळीस हजारांपैकी एकाचे नाव तुम्ही आम्ही सांगू शकतो का?

या घाटात पूर्वी गाडीला तोंड फिरवावे लागे, ते रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते बंद पडले. जुना बोगदा, जुनी वाट मागे राहिली. सोडून दिलेला बोगदा कसा दिसतो हे ज्याला पाहायचे, त्याला ही आपल्या दारातली उदाहरणे आहेत. मात्र चालू रेल्वेच्या हद्दीत शिरणे गुन्हा आहे आणि जिवावरचेही आहे. गाडीच्या खिडकीतून पाहावे.

बदलापूरकडचा एक रविवार

काही वर्षांपूर्वी आमच्या कॅम्पातला एक तरुण धावत आला. बदलापूरच्या पुढे एका डोंगरात लेणे सापडले म्हणाला. त्याने बोर्डही रंगवून ठेवला होता. आम्ही सातजण टेप, बॅटरी आणि वही घेऊन गेलो. तोंड काळे, आत पाच-सहा पावले छत. पण भिंतीवर हात फिरवला तर सुरुंगाच्या नळ्या! ओटा नाही, खाच नाही, टाके नाही. पुढे उघडा खड्डा आणि त्यात हिरवे पाणी. मी त्याला म्हणालो, बाबा, ही खदान आहे. त्याचे तोंड उतरले.

तेवढ्यात सरपणाची मोळी घेऊन एक आजी आल्या. विचारले, आजी, हे काय आहे? त्या हसल्या. "लेणं कशाचं रं बाळांनो? आमीच फोडलंय ते. माझा मालक भोकं पाडायचा, मी खडी फोडायची. पोरगं त्या उंबराला झोळीत टांगलेलं." मग त्यांनी आम्हाला सगळी खदान दाखवली. येथे मुकादम बसायचा. येथे घमेली मोजायचा. बत्ती दिली की शिट्टी व्हायची आणि सगळ्यांनी त्या मोठ्या दगडामागे पळायचे. बोटांची नखे पाहा म्हणाल्या. दोन नखे नव्हती. निघताना बजावले, "पोरास्नी हितं आणू नका. पाणी लई खोल हाय, कड ढासळती."

परत येताना तो तरुण गप्प होता. नंतर म्हणाला, "दादा, माझी आजीपण खडी फोडायची. बहात्तरच्या दुष्काळात."

मी त्याला बोर्ड फेकू नकोस म्हणालो. मागच्या बाजूला लिहायला सांगितले: सावधान, खोल खदान, मुलांनी जाऊ नये. तो बोर्ड पुढे बरीच वर्षे तेथे होता.

आपल्या वस्तीत मराठवाड्यातून, खानदेशातून, नगर-सोलापूरकडून आलेली किती घरे आहेत! १९७२ च्या दुष्काळात यांतल्या अनेक घरांतल्या बायामाणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली आहे. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली मंजूर झाला. मुंबईच्या इमारती, रेल्वेच्या रुळांखालची खडी, रस्ते, हे सगळे कोणी ना कोणी डोक्यावर घमेले घेऊन वाहिले आहे. वडार समाजाच्या तर पिढ्या दगडात गेल्या. लेणे सापडले नाही म्हणून तो डोंगर आपल्यासाठी रिकामा ठरत नाही. फक्त तेथे जे आहे त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखायचे.

सापडले तर काय करावे

समजा खुणा जुळल्या, लेणेच निघाले. मग काय?

एक, त्याला रंग लावू नका, नवीन मूर्ती बसवू नका, अक्षरांवर खडू किंवा चुना फासू नका. खडूने अक्षर उठून दिसते, पण दगड खराब होतो आणि वाचणारा पुढे फसतो.

दोन, लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून वहीत लिहा. मोबाईलने फोटो काढा. फोटोत एखादी पट्टी किंवा माणूस ठेवा, म्हणजे मोठेपणा कळतो.

तीन, कागद पाहा. तलाठ्याकडे सातबारा आणि गावनकाशा असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात लेणी, खदानी दाखवलेल्या असतात. १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी लेण्यांवर लिहिलेल्या ग्रंथात आणि १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आपल्या भागातली पुष्कळ ठिकाणे आहेत. कदाचित तुमचे नवे लेणे तेथे आधीच नोंदलेले असेल. त्यात कमीपणा नाही. नोंद सापडली तर अर्जाला बळच येते.

चार, पुरातत्त्व खात्याला लेखी अर्ज करा, पोच घ्या. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाची मोडतोड हा गुन्हा आहे. अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम आणि खाणकाम यांना मनाई आहे, त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. पण हे संरक्षण जाहीर झालेल्या स्मारकालाच मिळते. ज्याची ओळखच पटलेली नाही, त्याला कायदा कुठून वाचवणार?

पाच, गावाशी भांडू नका. कल्याण-भिवंडीजवळ लोनाडचे लेणे आहे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले बौद्ध विहार. त्याच्या भिंतीवर राजदरबाराचा सुंदर कोरीव पट आहे. आत खंडेश्वरी देवीची पूजा चालते. त्या देवीमुळे गावाने ती जागा झाडून-पुसून ठेवली, ही गोष्टही खरी आहे. आपण जावे, पट पाहावा, त्याचा इतिहास शांतपणे सांगावा. पुरावा आपल्या बाजूने असेल तर आवाज चढवावा लागत नाही.

सहा, अंधारात एकट्याने शिरू नका. साप, मधमाशा, पडते छत, साचलेले पाणी, बंद जागेतली कोंदट हवा, यांतले काहीही जीव घेऊ शकते. सोडून दिलेल्या खदानींच्या पाण्यात पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. मुलांना डोंगर दाखवाच, पण हात धरून.

येत्या थंडीत सवड काढा. कर्जतची लोकल धरा, डबा बांधून घ्या, घरातल्या आजी-आजोबांना झेपेल तेथपर्यंत बरोबर न्या. कोतळीगडाच्या पायथ्याशी आंबिवलीचे लेणे आहे, गडाच्या सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना आहे, तोही पाहण्यासारखा आहे. लेण्याची मापे ज्या वहीत लिहाल, त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा: कुठल्या खदानीत काम केले, कुठल्या धरणावर, कुठल्या रस्त्यावर, किती साली, मजुरी किती होती, बरोबर कोण होते. नावे पूर्ण लिहा, आईचे नाव आणि गाव यांसह. विचारायचे ते याच हिवाळ्यात विचारा, कारण त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत.

जयभीम.